तिसऱ्या तुळईचा कल

तिरुवल्लिकेणीत राहणाऱ्या अलकनंदाबाई मूळच्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या. सत्तावीस वर्षं त्यांनी यंत्रं जोडण्यात घालवली. आता सिरुसेरीच्या एका कंपनीत पुलांना बिनतारी सेन्सर बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. सेन्सर म्हणजे काडेपेटीएवढी डबी. दर दहा मिनिटांनी ती जागी व्हायची, तुळई किती कलली ते क्षणात कळवायची आणि पुन्हा झोपायची. म्हणून एका बॅटरीवर पाच वर्षं चालायची. त्यांचा वरिष्ठ मुरलीसाहेब नेमका उलटा, असं बाईंचं मत. दिवसभर बोलायचा आणि कळवायचा काहीच नाही.

ओरगडमकडे जाणाऱ्या एका पुलावरून नव्या मोटारी लादलेले ट्रेलर धावत. तिथल्या तिसऱ्या तुळईची डबी रोज थोडा जास्त कल दाखवू लागली.

"उन्हानं होतं, अक्का," मुरली संगणकाच्या पडद्याकडे न बघताच म्हणाला. "डबी बदला."

बाईंनी शिडीवर चढून डबी बदलली. नवी डबीही तेच सांगू लागली.

"सार, दोन्ही डब्या एकच खोटं कशा बोलतील?"

"परवा कंपनीत पाहुणे यायचेत. पडद्यावर धोक्याचा लाल दिवा नको."

दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा. कल होता तेवढाच. मुरलीनं धोक्याची मर्यादाच वाढवून ठेवली होती. बाईंना राग नाही, किळस आली. एवढा शिकलेला माणूस, आणि ताप लपवायला थर्मामीटरचे आकडे खोडतो!

त्यांनी साहेबाला विचारणं सोडलं. जुनी मर्यादा, नवी मर्यादा, बदलणाऱ्याचं नाव, सगळं त्यांनी महामार्ग खात्यातली इंजिनिअर नित्या हिला पाठवलं आणि वर फोनही केला. नित्या दुपारीच पुलाखाली आली. तुळईखालची रबरी गादी सरकली होती आणि खांबाच्या माथ्याला बोट जाईल एवढी भेग पडली होती. तिनं तिथूनच ट्रेलर थांबवायला लावले.

दुरुस्ती उरकल्यावरच्या बैठकीत मुरली छाती काढून म्हणाला, "आमच्या यंत्रणेनं वेळीच इशारा दिला!"

"यंत्रणेनं दिला होता," बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "तुम्ही पुसला होता."

नित्यानं इतिवृत्तात घातलं, की यापुढे मर्यादा बदलायची तर अलकनंदाबाईंची सही लागेल.

तेव्हापासून मुरली कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी येतो. बाई सावकाश सगळे आकडे वाचतात, एकेकाचं कारण विचारतात. तोवर त्याला बसा म्हणत नाहीत.