केसपेपरवरचा कोयता

तलासरीजवळच्या एका शेडमध्ये पत्र्याचे डबे बनायचे. मी तिथे सुपरवायझर होतो, म्हणजे शेठ नसताना त्यांच्या खुर्चीजवळ उभा राहणारा माणूस. कैनाड गावाहून येणारी एक बाई डब्यांच्या कडा घासायची. हातमोजे फाटले होते. मागवतो, मागवतो म्हणत मी आठवडा काढला. एका दुपारी पत्र्याची धार तिच्या उजव्या तळहातात खोल घुसली.

मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. केसपेपर करणाऱ्याने विचारलं, कसं लागलं? कारखाना म्हटलं की पोलिसांना कळवणार, जबाब होणार, शेठ माझ्यावर उखडणार. अशा वेळी आमच्याकडचे सगळे सुपरवायझर जे सांगतात, तेच मी सांगितलं: घरी गवत कापताना कोयता लागला. टाके लवकर पडावेत म्हणून, अशी स्वतःची समजूतही घातली. बाई शेजारीच हात धरून उभी होती.

जखम भरली, पण दोन बोटं वळेनात. आतली शीर तुटली होती. तिला भाकरी थापता येईना, भातलावणीला कुणी बोलावेना. शेठने तर तिला कामावरून कधीच कमी केलं होतं. मग तिने नुकसानभरपाईचा अर्ज केला आणि कामगार कार्यालयातून मला साक्षीला बोलावणं आलं. जाताना ठरवलं होतं, आज खरं सांगून मोकळं व्हायचं.

साहेबांनी केसपेपर पुढे केला. इथे घरी लागलं असं लिहिलंय, ते कुणी सांगितलं? शेठ माझ्या शेजारीच बसले होते. मी केसपेपर उलटसुलट करून बघू लागलो.

"लागला कारखान्यातच, साहेब," ती म्हणाली. "पण तसा लिवायला मीच सांगितला. भाऊला काय बोलू नका."

साहेब माझ्याकडे वळले. तुम्ही तिथे होतात, हात कुठे कापला? तिने मला वाचवलं होतं. आता फक्त तिला वाचवायचं बाकी होतं. मी म्हणालो, मला ती गेटबाहेर भेटली, हात आधीच कापलेला होता.

अर्ज तिथेच बारगळला. शेठ गाडीत बसून निघून गेले. मी बाहेर मान खाली घालून उभा होतो. पायांत चपला सरकवत तिने विचारलं, "भाऊ, तुमची नोकरी तर ऱ्हायली ना?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.