चौकशी तिसऱ्या रांगेत

सुखदेव गायकवाडबद्दल कर्वेनगरात कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल: शांत माणूस. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो सहायक आहे. तिथे आवाज होतो तो काचेचा, आणि तोही फुटल्यावर. चैतालीबरोबरचा सहा वर्षांचा संसार मोडला, तेव्हा कोर्टातल्या समुपदेशक बाईंनाही त्याने छाती पुढे काढून सांगितलं होतं, "मॅडम, मी हिच्यावर कधी आवाज चढवलेला नाही." बाईंनी चैतालीकडे पाहिलं. चैतालीने छताकडे पाहिलं.

कारण हा बाबा भांडत नसे, अबोला धरत असे. पडद्यांचा रंग पसंत पडला नाही म्हणून एकदा सलग तेवीस दिवस. ओठ मिटायचे, डबा उचलायचा, कामावर जायचं, यायचं, जेवायचं, भिंतीकडे तोंड करून झोपायचं. याला तो संयम म्हणत असे.

घटस्फोटानंतर त्याने एका खोलीचं बिऱ्हाड केलं. पहिल्याच आठवड्यात शेगडी पेटेना म्हणून तो चिडला आणि सवयीप्रमाणे गप्प बसला. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण गप्प बसलोय हे कुणाला कळलेलंच नाही. समजूत काढायला कोण येणार? शेगडी? त्याला एकट्यालाच इतकं हसू आलं की वरच्या मजल्यावरच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. बऱ्याच दिवसांत दारावरच्या माणसाशी तो पहिल्यांदाच नीट बोलला. तिथून पुढे दोन वर्षांत तो दूधवाल्याशी बोलायला लागला, विद्यार्थ्यांशी बोलायला लागला, बिनगुठळ्यांचं पिठलं करायला लागला. आणि संसारात आपलं नेमकं काय चुकलं, हे पिठलं हलवता हलवता स्वतःशी कबूल करायला लागला.

त्याची मोठी बहीण राधाताई मात्र कबुलीजबाबाच्या बाजूची नव्हती. तिने परस्पर कोथरूडच्या बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्यात त्याचं नाव घातलं आणि फॉर्मही स्वतःच भरला. विभक्त होण्याचं कारण: मतभेद. स्वभाव: शांत, समजूतदार.

"ताई, हे शांत वगैरे काढ. त्यानेच तर सगळं झालं."

"मग काय लिहू? तेवीस दिवस तोंड शिवून बसतो?"

"तेच लिही."

"फॉर्म भरायचाय, पोलिसांत जबाब नाही द्यायचा. गप वाच जे लिहिलंय ते."

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी हात जोडून पंचशील घेतलं. खोटं न बोलण्याचं शील त्यातलंच. ते घेऊन दहा मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात व्यासपीठावर एकेकाची उंची वाढायला आणि वय कमी व्हायला सुरुवात झाली. घटस्फोटितांची पाळी जेवणानंतर ठेवलेली, म्हणजे अर्धं सभागृह पेंगत असताना. सुखदेव मठ्ठा पीत बसला होता आणि ताई परिचय पुस्तिका चाळत होती. अचानक तिचं बोट एका पानावर थांबलं.

"सुखदेव, ऊठ. निघू या."

पानावर चैतालीचा फोटो होता. क्रमांक एकतीस. आणि बाई नुसती फोटोत नव्हती, समोर तिसऱ्या रांगेत बसून पुस्तिकेने वारा घेत होती.

सुखदेवने मठ्ठ्याचा पेला खुर्चीखाली ठेवला. सभागृहात एवढे चारशे लोक, त्यांच्यापुढे तो काहीही बोलला असता तरी खपलं असतं. पण तो कसा आहे हे पक्कं माहीत असलेलं एकमेव माणूस नेमकं तिसऱ्या रांगेत. निघून गेलो तर हाही एक अबोलाच झाला, असं त्याला वाटलं.

"नको," तो म्हणाला. "नंबर लागलाय."

संयोजक दत्तोबांनी नाव पुकारलं. त्यांच्या हातात शाळेतली घंटी होती, प्रत्येकाला दोन मिनिटं. सुखदेवने कार्ड वाचायला घेतलं. नाव, शिक्षण, नोकरी, पेन्शन लागू. "स्वभाव शांत, समजूतदा..."

तिसऱ्या रांगेतून हसू आलं. दाबलेलं, पण त्याच्या चांगल्या ओळखीचं. ते हसू ऐकायला मिळून चारेक वर्षं झाली असावीत. त्याने कार्डाची घडी घातली.

"हे बहिणीने लिहिलंय. मी शांत नाही, अबोला धरतो. माझं लग्न त्याने मोडलं, मतभेदाने नाही. मतभेद व्हायला बोलावं लागतं."

पेंगणारी दोन-तीन डोकी वर झाली. मागून एक आजोबा म्हणाले, "किती दिवस धरता?"

"जास्तीत जास्त तेवीस."

"कशावरून?"

"पडद्यांवरून."

सभागृह हसलं. सुखदेवला बरं वाटलं, तो रंगात आला. "दुसऱ्याने लावलेला कुकर मी उघडून परत लावतो. पाहुणे गेले की त्यांच्या चुका मोजतो. सासऱ्यांनी घड्याळ दिलं, ते दोन मिनिटं पुढे आहे असं मी त्यांना मांडवातच..."

दत्तोबांनी घंटी वाजवली. "वेळ संपली."

"अजून दोष उरलेत, साहेब."

"ते पुढच्या मेळाव्यात घेऊ. बसा."

तो खाली आला तेव्हा ताई कपाळाला हात लावून बसली होती. "संपलं. आता तुला कोण विचारतंय."

पण दापोडीच्या दुर्गाबाई विचारायला आल्याच. बरोबर मुलगी दीपाली, दवाखान्यात नर्स, तीही घटस्फोटित. मुलगी बाजूला उभी राहून सुखदेवला निरखत होती, जशी रुग्णाची फाईल निरखतात. दुर्गाबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "तुमच्याबद्दल चौकशी कुणाकडे करायची हो? कुणी जवळचं, माहितीतलं?"

ताईने मामांचं नाव घ्यायला तोंड उघडलं. त्याआधीच सुखदेवने तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. "त्या पिवळ्या साडीतल्या. सहा वर्षं एका घरात होतो. त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

ताई खुर्चीत घसरली. दुर्गाबाईंनी क्षणभर विचार केला आणि पदर सारखा करत खरोखरच तिकडे गेल्या.

लांबून ऐकू काही येईना, दिसत मात्र होतं. चैतालीने आधी भुवया उडवल्या. मग ती बोटांवर मोजत काहीतरी सांगत राहिली. एका हाताची बोटं संपली, ती दुसऱ्या हातावर गेली. दुर्गाबाई मान हलवत होत्या, मध्येच तोंडाला पदर लावत होत्या. सुखदेवला बारावीच्या निकालालाही एवढा घाम फुटला नव्हता.

बाई परत आल्या. "म्हणाल्या, बोलले ते सगळं खरं. चोरी नाही, दारू नाही, हात उगारला नाही. पूर्वी तोंड उघडत नव्हते, आता आवरत नाहीत. पण एक गोष्ट सांगायची राहिलीये म्हणाल्या, आणि ती त्यांनाच विचारा."

"कोणती?"

"त्या तेवीस दिवसांत डबा कोण भरत होतं?"

सुखदेव मनातल्या मनात आपली यादी तपासू लागला. दोन वर्षं त्याने आपल्या चुका उगाळल्या होत्या, पण त्यात सगळीकडे तोच होता: मी गप्प बसलो, मी कुकर उघडला, मी मांडवात बोललो. सकाळी सव्वासातला ओट्यावर तयार असलेला डबा त्यात कुठेच नव्हता. तेवीस डबे. रविवार सोडले तर वीस.

"ती भरत होती," तो म्हणाला. "रोज. आणि मी रोज नेत होतो."

दीपाली पहिल्यांदाच बोलली. "बरं झालं आठवलं. आमच्या घरी ज्याचा त्याने भरायचा असतो. पुढच्या रविवारी चहाला येणार का?"

"येतो. पण जरा थांबता का? एक काम राहिलंय."

तो तिसऱ्या रांगेत गेला. चैतालीने शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली. तो बसला.

"त्यात दोनदा भरली वांगी होती," तो म्हणाला.

"तीनदा."

"चांगली झाली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. चुकलं माझं, चैताली."

तिने व्यासपीठाकडे पाहिलं. तिथे एक गृहस्थ आपण चाळिशीचे असल्याचं निर्धाराने सांगत होते. मग ती म्हणाली, "वांगी तिसऱ्यांदा खारट होती. मुद्दाम केली होती. म्हटलं, आता तरी बोलेल."

"मला कळलं होतं."

"आणि तरी खाल्लीस?"

"पाणी पीत पीत."

दोघंही इतकी हसली की दत्तोबांनी तिसऱ्या रांगेकडे बघून घंटी वाजवली.

"जा आता," चैताली डोळे पुसत म्हणाली, "ती पोरगी ताटकळलीये. आणि तिच्याकडे गेलास की कुकरला हात लावू नकोस."