मागच्या पानावरचं युद्ध

दीपमालाची आई भागुबाई मखमलाबादहून माझ्या दारी भाजी घेऊन यायची. मेथीच्या जुडीबरोबर बातमी फुकट. "काकू, माझी पोर इतिहास शिकवती. लय हुशार हाय!"

हुशार होती, पण चार वर्षं तात्पुरतीच होती. दर जूनमध्ये मुख्याध्यापक यज्ञेश्वर सर तिला विचारायचे, "यंदाही येताय ना?" जणू घरच्या सत्यनारायणाला बोलावताहेत.

१९९९च्या जुलैत, कारगिलच्या दिवसांत, शाळेची तपासणी ठरली. साहेबांना पाठ आवडला तर नेमणूक कायम, नाही तर भागुबाईच्या मेथीला हातभार. दीपमालाने मुलांना युद्धकाळातल्या रोजनिशा लिहायला लावायचं ठरवलं आणि नमुना म्हणून माझी १९४३ची वही मागून नेली. तेव्हा मी नऊ वर्षांची होते, कॉन्व्हेंटमध्ये.

दोन दिवसांनी ती परत आली. "काकू, रोज एकच वाक्य? 'आज राजाच्या विजयासाठी प्रार्थना केली, मन प्रसन्न झाले'?"

"सिस्टर फळ्यावर इंग्रजीत लिहायच्या, आम्ही उतरवायचो. शनिवारी त्या वही तपासायच्या. माझं मन सलग तीन वर्षं प्रसन्न होतं."

"आणि मागच्या पानावर पेन्सिलीने?"

तिथे मराठीत लिहिलं होतं, कारण सिस्टरना मराठी येत नव्हतं. 'रेशनची साखर आली नाही. सिस्टरने घरचं विचारलं. भरपूर आहे म्हणून सांगितलं.'

दीपमालाने दोन्ही पानं वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, इतिहास कुठल्या पानावर आहे? पोरांनी चटकन ओळखलं. पोरांना तेवढं कळतं. पुढे शिकून विसरतात.

सरांना मात्र धास्ती. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः फळ्यावर लिहिलं, 'आमच्या जवानांचा पराक्रम ऐकून माझा ऊर अभिमानाने भरून आला.' बावन्न पोरांनी उतरवलं. बावन्न ऊर एकाच वाक्यात भरून आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एक वही सवयीने मागून उघडली. पोरं पानं फाडतात ती मागूनच. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'फळ्यावरचं वाक्य पुढे लिहिलं. सर खूश. मामाचं पत्र नाही. आजी पोस्टमनला चहा देते. पत्र नसलं तरी देते.'

साहेबांनी दुसरी वही उघडली, मग तिसरी.

"ही कल्पना कुणाची?"

"या बाईंची," सर तत्परतेने म्हणाले. "अजून कायम नाहीत त्या."

साहेबांनी चष्मा पुसला. "फार चांगली आहे."

"म्हणजे, मार्गदर्शन माझंच!"

साहेबांनी दीपमालाकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो. सरांचंच."

सप्टेंबरात तिचा कायम नेमणुकीचा कागद आला. त्याच आठवड्यात अभिनव उपक्रमाबद्दल सरांना शाल आणि नारळ मिळाला. सरांचा उपक्रम पुढच्या वर्षी चालवायचा तर तो चालवता येणारं माणूस शाळेत असायला हवंच होतं.

दीपमाला पेढे घेऊन आली.

"खोटं बोललीस," मी म्हटलं.

"काकू," पेढा पुढे करत ती म्हणाली, "साखर भरपूर आहे, असं कुणी सांगितलं होतं?"

पेढा चांगला होता. त्या दिवशीची नोंद मी शाईने केली, 'दीपमाला कायम झाली. यज्ञेश्वर सरांचे मार्गदर्शन लाभले.'

बाकीचं मागच्या पानावर आहे, पेन्सिलीने.