राखणदार दुसऱ्याला दिलेलं घर

आमचं घर विकायला काढलं तेव्हा माझी मुलगी रांगत होती. आरोंद्याच्या बाजूला, खाडीला पाठ करून बसलेलं कौलारू घर. नवरा आणि दीर मुंबईत नोकरीला. दोघांना तिथे स्वतःची खोली घ्यायची होती. सन पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट, सुनेला कोण विचारतो.

गिऱ्हाईक मिळालं फोंडाघाटचं, व्यापारी माणूस. त्याने अंगण पाहिलं, माड पाहिले, होकार दिला आणि सौद्याचा नारळ घेऊन गेला. एवढ्यावर सासऱ्यांनी घाई केली. मुलगे शिमग्याच्या रजेवर आलेत, ते परत जायच्या आत राखणदाराचं उरकून टाकू म्हणाले. आमच्याकडे घरादाराला राखणदार असतो. परसात चाफ्याखाली त्याचा दगड होता. वर्षाला त्याला कोंबडा आणि रोट द्यायचा, त्याने घरातल्या माणसांना सांभाळायचं. घर विकलं की त्यालाही नव्या माणसांच्या हवाली करावं लागतं. सासरे दगडापुढे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बा राखणदारा, आजपासून ह्या घर त्यांचा. आमका मोकळे कर, आणि येतल्यांका सांभाळ."

आम्ही मागून 'होय म्हाराजा' म्हटलं. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी म्हणतात, त्यातला प्रकार. मार बसायचा होता तो मला आणि माझ्या पोरीला.

पुढच्या पुनवेला व्यापारी पुन्हा आला तो नेमका उधाणाच्या भरतीला. पाणी मागच्या पायरीला लागलेलं. तो बराच वेळ बघत राहिला, चहा न घेता गेला, आणि मागाहून निरोप आला की घर नको.

तोवर मुलगे मुंबईला गेले होते. घरात सासू-सासरे, मी आणि पोर. राखणदार परत मागता येईल का, म्हणून सासरे देवळात कौल लावायला गेले. गुरवाने देवाच्या अंगाला पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकही पडेना. शेवटी गुरवच म्हणाला, "ज्या तोंडान दिलंस, त्याच तोंडान परत कसो मागतलंस?" सासरे मान खाली घालून घरी आले. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मला खरी भीती कळली ती फुरशामुळे. भर दुपारी ते उंबऱ्यावर वेटोळं करून बसलेलं, आणि पोर हातभर अंतरावर. पूर्वी असं जनावर दिसलं की सासू हात जोडून म्हणायची, राखणदाराचंच असेल, जाईल. त्या दिवशी तिने पोरीला ओढून घेतलं आणि एक शब्द बोलली नाही. इतके दिवस मी म्हातारीच्या बोलण्याला हसत होते. आता तीच गप्प झाल्यावर मी कोणाच्या भरवशावर हसू?

श्रावणात पावसाची झड आणि भरती एकदम आली. सासरे होडी बघायला गेले ते अडकले. पाणी परसातून मागीलदारी आलं, चुलीची राख तरंगायला लागली. सासूजवळ पोर देऊन त्यांना मी माळ्यावर चढवलं आणि मागच्या दारात गुडघाभर पाण्यात उभी राहिले. चाफ्याखालचा दगड दिसत नव्हता. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं, पण पुरुष होतेच कुठे? मी म्हटलं, "आम्ही तुझी नसलंव तरी पाहुणी समज. पावसात पाहुण्याक कोण भायर काढता काय? आमका रवाक दी."

ओहोटी लागली म्हणून पाणी उतरलं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्या दिवसापासून मी त्या घरात पाहुणीसारखी वावरले. माडाचे नारळ उतरवले तरी मनात आधी त्याला विचारायची. नवऱ्याला सांगितलं असतं तर हसला असता.

दहाएक वर्षांनी घर अखेर विकलं गेलं तेव्हा सासू-सासरे राहिले नव्हते. राखणदाराचं बापाने केलंय ना एकदा, मग झालं, असं नवरा म्हणाला. घेणाऱ्यांची सून बघायला आली होती, कडेवर तान्हं मूल. तिने हळूच विचारलं, "भियासारख्या काय नाय मां?"

मी तिला परसात नेलं. मालकाने हवाली करायचं, पण मी तिथली मालकीण कुठे होते? मी तिचं बोट दगडाला लावलं आणि म्हटलं, "आमका ठेवलंस तशी हिका ठेव."

तिच्यासाठी मागितलं, आणि लगेच ध्यानात आलं की आता माझ्या पोरीवर कुणाचीच नजर नाही.

घर सोडून खाडी ओलांडायला तरीवर बसलो तेव्हा मी पोरीचा हात घट्ट धरला होता. दहा-बारा वर्षांची घोडी ती, पोहायला माझ्यापेक्षा पटाईत. "आये, हात दुकता गो," ती म्हणाली. मी ऐकलं, आणि हात सोडला नाही.