तिखटमीठ लावलेली संत्री

हॉस्टेलमध्ये कुणी संत्रं सोललं की मला दुबईतलं ते मैदान आठवतं. ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल खेळणाऱ्या, सतत हरणाऱ्या एका टीमला मध्यंतरात संत्र्याच्या फोडी द्यायच्या होत्या. घरगुती खाण्याच्या नव्या व्यवसायातली आईची ती पहिलीच ऑर्डर. तिने सवयीने त्यांवर तिखटमीठ भुरभुरलं. खेळाडू ठसकले आणि घरच्याच मैदानावर दणकून हरले.

"खलास, ऑर्डर गेली," बाबा पुटपुटले. मला हसू आलं होतं. आता परीक्षेआधी डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा उघडून लावणारी आई आठवते.

त्या दिवशी तेवढ्यात घामाघूम कॅप्टन आला. उरलेली फोड तोंडात टाकून म्हणाला, "नेक्स्ट फ्रायडे, सेम प्लीज."

पुढच्या शुक्रवारीही ते हरले. फोड मात्र एकही उरली नाही.