घमेल्याची गाडी

बाहत्तरच्या दुष्काळात चाकूरजवळ रस्त्याचं काम निघालं, तेव्हा पंचशीला पंधरा वर्षांची होती. सारं गाव खडी फोडायला जायचं. मुकादमानं तिच्या काटकुळ्या हातांकडं बघितलं आणि म्हणाला, "तू लेकरं सांभाळ."

लिंबाच्या पातळ सावलीत बायांची सगळी लेकरं तिच्या गळ्यात पडली. दुपारी खायला सरकारी सुकडी मिळायची, पण दुपार लवकर व्हायचीच नाही. पंचशीलेला एकही गोष्ट येत नव्हती. घरी कुणाला सांगायला सवडच नव्हती. एकदा रडारड आवरेना, तेव्हा तिनं काठ फाटलेलं एक घमेलं ओढत आणलं, एका लेकराला आत बसवलं आणि म्हणाली, "हे घमेलं काम सोडून पळालंय. आता कुठं जायचं, सांगा."

एकजण म्हणाला निलंग्याला, दुसरा म्हणाला ढगात. मग तीच रीत पडली. ज्याची पाळी तो म्हणेल तिकडं घमेलं निघायचं, वाटेत काय भेटलं ते बाकीच्यांनी सांगायचं. पंचशीला ओढायची आणि गोष्ट अडली की पुढं ढकलायची.

खडी फोडणाऱ्या नीलाबाईची सिंधु पाच वर्षांची. तिची पाळी आली की ठरलेलं. "मामाच्या घरी."

मामाच्या दारात चिंच होती, ती सांगायची. मामाची म्हैस धार काढताना हसायची. बाकीची पोरं वैतागायची. "पुन्हा मामाच का गं?"

"हाव. मामाच."

उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. त्या दिवशी सिंधु सकाळपासून लिंबाखाली पडून होती. मुकादमानं जीपसाठी माणूस धाडला होता. नीलाबाई रस्त्याकडं डोळे लावून उभी होती आणि सिंधु पंचशीलेच्या मांडीवर पुटपुटत होती, "गाडी सोड की गं."

पंचशीलेनं तोंडानंच गाडी सोडली. आडवा आलेला बैल हाकलला, ओढा ओलांडला. चिंच दिसायला लागली तेवढ्यात जीप आली. नीलाबाई लेकराला उराशी धरून चढली. दवाखाना येण्याआधीच सिंधु गेली.

पंचशीला पुढं शिकली, मास्तरीण झाली, गावाजवळच्याच शाळेत लागली. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिथल्या पंचाक्षरी नावाच्या एका छापखानेवाल्यानं लेकरांसाठी पुस्तकं काढायला घेतली. तिचे वर्गातले खेळ त्याच्या कानावर गेले होते. "बाई, आपल्याकडच्या लेकरांची गोष्ट द्या," तो म्हणाला. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती.

लिहिण्याआधी ती नीलाबाईकडं गेली. मामाचं गाव कोणतं, घर कसं, एवढंच विचारायचं होतं. नीलाबाई उंबऱ्यात ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"मामा? मला भाऊ कुठं हाय, पंचशीला? आम्ही तिघी बहिनीच."

"मग चिंच? म्हैस?"

"काय ठाव, माय. मला कधी बोलली न्हाई ती."

पंचशीला तशीच घरी परतली. इतके दिवस तिला वाटायचं, आपण त्या पोरीला ठाऊक असलेल्या घराकडं नेत होतो. ते घर कुठंच नव्हतं, आणि असं घर मनानं बांधणारी पोरही आता नव्हती. ती लिहायला बसे. घमेलं ओढ्यापर्यंत येई आणि थांबे.

शेवटी तिनं वर्गात घमेलं आणलं. पोरांनी आनंदानं ते साऱ्या पटांगणभर फिरवलं. तिनं सांगितलेलं मामाचं दार आलं तसा भीमाशंकर नावाचा पोरगा म्हणाला, "कुलूप हाय. मामा ऊस तोडायला गेलाय."

"नाही रे," पंचशीला घाईनं म्हणाली. "मामा घरातच आहे. बघ, आवाज दे."

"न्हाई बाई. आमचा मामा गेलाय, ह्यांचा गेलाय. समद्यांचेच गेलेत."

तिनं पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. पोरांनी घमेलं खाली ठेवलं. "मग तुम्हीच खेळा," भीमाशंकर म्हणाला. तो उद्धटपणानं बोलला नव्हता, म्हणूनच तिला रागावताही येईना.

तिनं गोष्ट तशीच धाडली: दाराला कुलूप, आणि सिंधुला घेऊन घमेलं चिंचेखाली वाट बघत बसलेलं. पुस्तक छापून आलं तेव्हा शेवट बदललेला होता. मामा धावत येतो, पोरीला उचलून घेतो, गूळ घालून दूध पाजतो. पंचाक्षरी म्हणाला, "लेकरांच्या हाती कुलूप कसं द्यायचं, बाई? आता सगळ्या प्रती छापून झाल्या." ती भांडायला गेली होती. पाणी पिऊन परत आली.

नीलाबाईला कुणीतरी सांगितलं, तुझ्या सिंधुचं पुस्तक आलंय. ती शाळा सुटायच्या वेळी आली आणि भिंतीला टेकून बसली. "वाच गं."

पंचशीलेनं वाचलं. शेवटाशी आल्यावर सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं, की मावशी, हे मी लिहिलेलं नाही, हे खोटं आहे.

"उचलून घेतलं म्हन्तीस?" नीलाबाई म्हणाली. "आन् दूध?"

"हो. गूळ घालून."

"तेवढं पुन्हा वाच."

पंचशीलेनं पुन्हा वाचलं. नीलाबाई पदर तोंडाला लावून ऐकत राहिली. त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती येऊ लागली. दर वेळी तेवढंच वाचायला सांगायची, आणि पंचशीला वाचायची.