परबसरांनी मागितलेले कच्चे काम

श्री. दत्ताराम परब यांची आणि माझी ओळख माझ्या अपमानाच्या दिवशी झाली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी डिचोलीला घरी बसून संगणकाचा ऑनलाइन अभ्यासक्रम करत होते. शेवटचा गृहपाठ दोन दिवसांत दिला नाही तर प्रमाणपत्र मिळणार नव्हते, आणि माझा प्रोग्राम काही चालेना. म्हणून प्रोग्रामिंगवाल्यांच्या एका ऑनलाइन मंचावर मी प्रश्न जसाच्या तसा उतरवून मदत मागितली. गृहपाठ स्वतः करा, केलेले आधी दाखवा, आम्ही तुमचे नोकर नाही, अशी उत्तरे आली. लिहिणाऱ्यांपैकी एकालाही स्वतःचे नाव लावायचे धैर्य नव्हते.

अभ्यासक्रम सोडायचे मी ठरवले, तोच परबसरांचा निरोप आला. तुयेच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करून निवृत्त झालेले सर कोरगावहून त्या मंचावर विद्यार्थ्यांच्या शंका सोडवत. तुम्ही स्वतः केलेले कुठे आहे, असे त्यांनी विचारले. मी ताठ्याने कळवले, की आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कच्चे काम शेवटच्या पानावर करायचे आणि वही देण्यापूर्वी ते पान फाडायचे. सिस्टरच्या हाती चूक द्यायची नाही.

त्यावर माझा नंबर मागून घेऊन त्यांनी फोनच केला. म्हणाले, "बाय, मशीन पुसून चकचकीत करून आणले तर तेल कुठून गळते ते मला कसे कळणार? ते फाडलेले पान धाडा."

मी माझा न चालणारा प्रोग्राम होता तसा धाडला. सरांनी उत्तर सांगितले नाही. त्यातली एक ओळ फोनवर मोठ्याने वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचताना माझी चूक मलाच सापडली. गृहपाठ वेळेत गेला, प्रमाणपत्र मिळाले.

मंचावर मात्र त्यांनी माझी बाजू घेतली नाही, हा राग मी या गौरवलेखातही नोंदवते. ती माणसे उद्धट होती, पण मागत होती ते बरोबरच, असे त्यांचे म्हणणे. काजूच्या हंगामात बागायतीतून आल्यावर सर आधी शंका पाहत, मग जेवत. त्यांच्या पत्नीची, म्हणजे वहिनींची, त्याबद्दलची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे.

आता मुले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राला विचारतात आणि क्षणात तयार उत्तर उचलतात. मंच ओस पडला आहे. सर मात्र रोज सकाळी तो उघडून पाहतात, हे वहिनींनीच मला सांगितले.

पंचाहत्तरी गाठलेल्या सरांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी निदान एक तरी अडलेला माणूस तिथे त्यांची वाट पाहत असो.